अँक्शस, टेरिफाइड आणि बाबांची मिशी

“इज ही अँक्शस?” डॉक्टरांनी मला विचारलं.

नागपूरला धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या जिन्यापाशी आम्ही दोघी उभ्या होतो. त्या भूल देणाऱ्या डॉक्टर, वयानं माझ्याएवढ्याच. बाबांच्या तोंडाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. सकाळी बीपी चांगलं होतं, दुपारी पेज पिऊन झाल्यावरही चांगलं होतं, आणि आता एकाएकी इतकं चढलं होतं की असंच राहिलं तर मी भूल देणार नाही, असं त्या सरळ सांगत होत्या. उद्याची वेळ हुकली की पुढची कधी मिळेल, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. गालातली गाठ मात्र वाट बघणाऱ्यातली नव्हती.

“अँक्शस आहेत, की दुसरं काही?” त्यांनी पुन्हा विचारलं. “तुम्ही मुलगी ना? तुम्हाला माहीत असेल.”

मी इंग्रजी शिकवते. सदरमधल्या एका क्लासमध्ये, बँकेच्या आणि रेल्वेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींना. एकाच अर्थाचे शब्द आणि त्यांच्यातला फरक, हा तर माझा हातखंडा धडा. म्हणजे हा प्रश्न माझ्याच विषयातला होता, आणि मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, “बघते, बोलते त्यांच्याशी,” आणि जिना चढायला लागले.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मी. हे मी हळू आवाजात सांगत नाही. बाबा काटोलहून नागपूरला संत्र्यांचा टेम्पो आणायचे, आणि कॉलेजची तीन वर्षं मी बहुतेक सकाळी त्याच टेम्पोच्या केबिनमध्ये बसून आले. मागे संत्री, पुढे आम्ही दोघं, आणि माझ्या मांडीवर डिक्शनरी. बाबा विचारायचे, “आज कोनता शब्द?” मी सांगायची. एकदा ‘अफ्रेड’ सांगितला.

“म्हंजे?”

“भेव लागणं.”

“आन् तो खालचा?”

“टेरिफाइड. म्हणजे खूप भेव लागणं.”

बाबांनी गिअर टाकला. “मंग अफ्रेडलेच ‘खूप’ लावाचं नं. दुसरा शब्द कायले पाह्यजे? इंग्रजायले काही कामधंदा नव्हता का?”

मी तेव्हा हसले, पण प्रश्न डोक्यात राहिला. पुढे शिकवायला लागल्यावर मी त्याच प्रश्नावर धडा उभा केला. मुलांना सांगते, ‘खूप’ आणि ‘थोडं’ यानं शब्द वेगळे होत नाहीत. कुत्रं अंगावर आलं की तुम्ही स्केअर्ड. निकाल लागायचा आहे, काय होईल कळत नाही, तेव्हा अँक्शस. काय होणार ते पक्कं माहीत आहे, टळणार नाही, आणि तो दिवस जवळ येतो आहे, ते ड्रेड. पायच उचलत नाहीत, तोंडातून शब्द फुटत नाही, ते टेरिफाइड. आणि भीती स्वतःसाठी आहे की दुसऱ्या कुणासाठी, हेही विचारायचं. मुलं लिहून घेतात. काटोल, सावनेर, उमरेडकडून आलेली मुलं आहेत, त्यांच्या घरी या सगळ्याला ‘भेव’ हा एकच शब्द पुरतो.

मला आधी वाटायचं, एक शब्द म्हणजे गरिबी. बाबांच्या आजारानंतर तसं वाटत नाही.

बाबांना खर्ऱ्याची सवय. नागपुरात ती कुणाला नाही! सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटायचा आणि गालात दाबायचा. टेम्पोवर झोप येऊ नये म्हणून, असं ते म्हणायचे. आई म्हणायची, “टेम्पो उभा असते तवा कायले पाह्यजे मंग?” गालात आधी फोड आला, मग तोंड उघडेना, मग तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट घ्यायला मी एकटी गेले होते. त्यात इंग्रजीत एक शब्द होता, ‘मॅलिग्नंट’. आमच्या घरात त्याचा अर्थ फक्त मला येत होता. काउंटरवरच्या मुलीनं रिपोर्ट दिला, मी तिथेच उभी राहून वाचला, आणि बाहेर येऊन ऑटोत बसले. ऑटोवाल्यानं कुठे जायचं विचारलं तर मला पत्ता सांगता येईना. शिकल्याचा मला आयुष्यात एकदाच राग आला, तो त्या ऑटोत.

ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले, गाठ अजून हाडापर्यंत गेलेली नाही, लवकर काढली तर निघेल. ‘लवकर’ या शब्दावर त्यांनी जोर दिला होता. त्यामुळे जिना चढताना माझ्या डोक्यात तेवढंच होतं. उद्या नाही झालं तर?

खोलीत बाबा पलंगावर पाय खाली सोडून बसले होते. दवाखान्याचा हिरवा झगा अंगात, खांद्यावर स्वतःचा दुपट्टा. दाढी झालेली होती. छातीवरचे केसही काढलेले. मिशी मात्र जागच्या जागी होती. बाबांची मिशी म्हणजे एक वस्तूच. जाड, दोन्हीकडून ओठाखाली उतरलेली. चौकातला ट्रॅफिकवालासुद्धा मिशी बघून टेम्पो आधी सोडतो, असं ते मोठ्या अभिमानानं सांगत.

आई दाराशी उभी होती. हळूच म्हणाली, “बाई, तू पाह्य आता. मले तं काही सांगून नाही राह्यले. घरी चाल म्हनते फक्त. भेव लागून राह्यलं त्यायले.”

“मले कायचं भेव!” बाबा म्हणाले. तोंड पुरतं उघडत नसल्यामुळे शब्द दातांतून येत होते. “कपडे दे माहे. काटोलची बस भेटते अजून.”

“बाबा, काहून असं करून राह्यले तुम्ही? सकाळी तं चांगले होते.”

“चांगलाच हाये मी. घरी चाल.”

मी त्यांच्याजवळ बसले. बाबांना असं बिथरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. घाटात ब्रेक गेला होता तेव्हाही नाही. मी क्लासमधल्यासारखी कामाला लागले. माझ्या मनात एकेक शब्द होता आणि तो त्यांच्यावर लावून बघायचा होता.

दुखण्याची भीती असेल म्हणून सांगितलं, “भूल देतात, काही समजत नाही.” ते म्हणाले, “दुखनं का पाह्यलं नाही मी?”

शुद्धीवर न येण्याची असेल म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांचं कौतुक केलं. ते म्हणाले, “पोट्टी हुशार दिसते. तुह्यासारखीच बडबड करते.”

मग मी धीर करून म्हटलं, “चेहरा थोडा बदलेल बाबा. गाल आत जाईल. बोलणं जरा वेगळं होईल.”

“थोबाड का सिनेमात न्याचं हाये मले?”

बोलत होते, चेष्टाही करत होते, पण नजर दारावर होती. कुणी येईल आणि काहीतरी होईल, अशी. आणि तेव्हा मला खरी भीती वाटली. आतापर्यंत मला आजाराची वाटत होती. आता वाटलं, हा माणूस आत्ता उठून कपडे घालेल, बसस्टँडवर जाईल, आणि मी काही करू शकणार नाही. मी शिकलेली म्हणून घरात सगळे माझ्याकडे बघतात. डॉक्टरशी मी बोलायचं, सही मी करायची, समजावायचं मी. आणि माझ्याकडे होते काय, तर फळ्यावरचे चार शब्द, त्यातला एकही लागू पडत नव्हता.

तेवढ्यात दार उघडलं. दवाखान्याचा न्हावी होता. चाळिशीतला, बोलका माणूस, हातात ट्रे.

“काका, चाला नं जी,” तो म्हणाला. “एवढुशी मिशीच राह्यली. मघा नाही नाही म्हनत व्हते, आता तं पोरगी आली तुमची. डॉक्टर मले बोलतीन.”

बाबांचा हात वर गेला. मी बघतच राहिले. दुखऱ्या गालावर नाही गेला तो. ओठावर गेला आणि मिशी झाकून तिथेच घट्ट राहिला.

“येते जी पुन्हा,” न्हावी समजुतीनं म्हणाला. “केस तं आहेत. दोन महिन्यात पयल्यासारखी.”

“माय जित्ती हाये माही!” बाबा ओरडले.

तोंड उघडत नव्हतं तरी ओरडले. न्हाव्यानं ट्रे खाली ठेवला आणि एक पाऊल मागे सरकला. त्याला लगेच समजलं. आईलाही समजलं, तिनं पदर तोंडाला लावला. मला एक क्षण उशीर झाला, आणि मग मलाही सगळं एकदम समोर दिसलं.

मी लहान असताना आजोबा वारले. दहाव्या दिवशी माणसं नदीवरून परत आली, त्यात एक अनोळखी माणूस होता. वरचा ओठ पांढरा, उघडा, चेहरा धुतल्यासारखा. तो माझ्याकडे हात पसरून आला आणि मी किंचाळत गुरांच्या कोठ्यात पळाले. ते बाबा होते. आमच्याकडे पुरुष मिशी उतरवतो ती आईबाप गेल्यावरच. एरवी तिला वस्तरा लागत नाही. बाप गेला तेव्हा एकदा लागला. आता बाबांच्या हिशेबात तो पुन्हा लागायचा तो फक्त एकाच दिवशी, आणि तो दिवस आजीचा होता. काटोलजवळच्या आमच्या गावात, काकाच्या घरी, धडधाकट फिरणाऱ्या आजीचा.

म्हणून ते घाबरले होते. स्वतःच्या मरणाला नाही. आपण मिशी उतरवली तर आपल्याच हातानं तिकडे काही करून बसू, याला.

माझ्यातली शिकलेली बाई लगेच उठली. मी म्हटलं, “बाबा, असं काही नसतं. केस आहेत ते फक्त.”

“तुह्यासाठी केस हाये,” ते म्हणाले. आवाज खाली आला होता. “तुले नाही समजत ते. ते नव्वदीची बाई हाये. रात्री पडते, सकाळी उठते का नाही, रोज वाटते मले. आन् मी इकडं वस्तरा लावू?”

माझ्या यादीत अँक्शस होता, ड्रेड होता. आजीच्या वयाची ही रोजची धास्ती त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती, आणि मला ती कधी दिसलीही नव्हती.

मिशी ठेवता येते का, विचारायला मी खाली गेले. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, ऐकून घेतलं, आणि मान हलवली. काप ओठातून जाणार होता. “आय’म अफ्रेड, मिशी काढावीच लागेल,” त्या म्हणाल्या.

हा ‘अफ्रेड’ पण मी शिकवते. त्यात भीती नसते, नुसती सभ्यता असते. नाही म्हणायचं असलं की इंग्रज माणूस आपणच घाबरल्याचं सांगतो. आजवर मुलांना हे गंमत म्हणून सांगत आले. त्या दिवशी तो शब्द ऐकून माझे कान तापले.

मग मी काकाला फोन केला. बाबा ऐकतील तर आजीचंच. अडचण अशी की आजीला काहीच माहीत नव्हतं. बाबांनी सांगितलं होतं, दाढ काढायला जातो. काका म्हणाला, “बुढीले आणू? तिले काही झालं म्हंजे?” मी म्हटलं, “आण. पुढच्या बसनं आण.” फोन ठेवल्यावर मला सुचलं. बाबा ज्याला भीत होते, तेच मी तर करत नव्हते? बातमी ऐकून म्हातारी कोसळली तर? मग मिशीही गेली, ऑपरेशनही गेलं, आणि बाबा मला जन्मात काही म्हणणार नाहीत, हे त्याहून वाईट. ती येईपर्यंत मी जिन्यावर बसून होते. वर खोलीत जायची हिंमत झाली नाही. ते फक्त केस नसतात, हे मला तेव्हा समजायला लागलं होतं. वस्तऱ्याच्या बाजूनं बोलणारी मी आता आजी धड पोचू दे, असं मनात घोकत बसची वाट बघत होते.

आजी आली ती चपला हातात घेऊन. दवाखान्याची फरशी इतकी चकचकीत की तिला वाटलं, चपला बाहेरच काढायच्या असतात. लुगडं आखडून खोवलेलं, मागे काका, चेहरा उतरलेला. बसमध्ये त्यानं सांगून टाकलं होतं.

ती खोलीत शिरली आणि बाबा उभे राहिले. उभे राहून त्यांनी मान खाली घातली, शाळेतून पळून आलेल्या पोरासारखी.

“दाढ काढाले आला होता नं गा?” आजी म्हणाली. “कितीक दाढा हायेत तुह्या?”

तिनं हात वर केला. तो त्यांच्या गालापर्यंत पोचेना, म्हणून बाबाच वाकले. सुजलेल्या गालावर तिनं बोटं ठेवली आणि ठेवूनच राहिली. मला वाटलं, आता पडणार. मी मागून तिच्या कंबरेशी हात नेला. तिनं तो कोपरानं बाजूला सारला.

“आन् मिशी माह्यासाठी ठेवतं म्हने?”

“माय, तसं नाही...”

“कसं नाही? मी मेली म्हंजे काढजो नं पुन्हा. कोन नाही म्हनते? तवा दोनदा काढ. आता मी बसून हावो नं समोर.” तिनं काकाला पलंगाजवळ खुर्ची ओढायला लावली आणि मांडी घालून वर बसली. मग न्हाव्याकडे वळली. “ये गा बापू. काढ. पन माह्यासमोर काढ. ज्याले पाह्याचं त्यानं पाह्यावं.” आणि माझ्या आईला म्हणाली, “तू काहून रडून राह्यली वं? जाय, चहा आन मले. साखर घालून. मेलेलं मानूस चहा पेत नाही.”

आईनं कँटीनमधून चहा आणला. न्हाव्यानं आधी आजीला हात जोडले, मग साबण लावला. बाबांनी डोळे मिटले. वस्तरा लागला तसा त्यांच्या गळ्याशी एक शीर उडताना मला दिसत होती. आणि आजीनं चहा बशीत ओतून पहिला घोट घेतला. घेतला तो असा मोठ्यानं, फुर्रर करून, की बाहेरच्या नर्सनं डोकावून पाहिलं. घरी ती अशी चहा पीत नाही. मुद्दाम करत होती. न्हावी थांबला की तीही थांबायची, वस्तरा हलला की फुर्रर. डोळे मिटलेल्या बाबांना ऐकू यावं म्हणून. मिशीचा एक बाजूचा भाग गेला, मग दुसरा. चहा संपत आला तर तिनं रिकाम्या बशीचाच आवाज काढला.

“माय,” बाबा डोळे न उघडता म्हणाले.

“हावो नं इथंच.”

न्हावी केस कागदात गुंडाळून टाकायला निघाला. आजीनं कागद मागून घेतला. “हे नदीत नाही जात,” म्हणाली, आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.

मी बाबांकडे पाहिलं. तोच पांढरा, उघडा ओठ, लहानपणी ज्याला बघून मी पळाले होते. या वेळी पळायला जागा नव्हती. डॉक्टर वर आल्या, पट्टा दंडाला बांधला, आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि म्हणाल्या, “चालेल. सकाळी घेऊ.”

सकाळी बाबांना आत नेलं. दार बंद झालं. वर लाल दिवा. मी आणि आजी बाकावर बसलो. ती पदराची गाठ बोटांनी चाचपत होती, सोडत होती, बांधत होती. एकाएकी तिनं विचारलं, “मिशी गेली तं मलेच काही होनार व्हतं नं? मी तं हावो. मंग त्याले काही झालं तं?”

आदल्या दिवशी तिनं एवढा मोठा आवाज केला होता, तो हीच भीती दाबायला केला होता.

“भेव लागून राह्यलं का वं तुले?” तिनं विचारलं.

“हाव,” मी म्हटलं.

“मलेबी.”

दुसरा शब्द शोधावा असं मला वाटलं नाही. दार उघडलं तेव्हा आजीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलेलं होतं की तिथे वळ उठले होते. डॉक्टर मास्क खाली करून म्हणाले, “निघाली सगळी.” आजीला समजलं नाही, तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती उठली आणि चपला शोधायला लागली.

मिशी परत आली, पण जिथे काप गेला तिथे केस येत नाहीत, मधे एक वाट राहिली आहे. ट्रॅफिकवाला आता टेम्पो आधी सोडत नाही, असं बाबा म्हणतात. बोलणं थोडं बोबडं झालं आहे. खर्रा सुटला. तपासणीची तारीख जवळ आली की घरात कुणी त्याबद्दल बोलत नाही. आई भांडी जास्त घासते, मी क्लासमध्ये चुकते. तो धडा दर बॅचला येतो. मुलं शब्द लिहून घेतात आणि मी पुढे सरकते.

गावाहून आजीचा फोन येतो तपासणीच्या दिवशी. रिपोर्ट, गाठ, डॉक्टर, काही विचारत नाही. एवढंच विचारते, “मिशी हाये नं गा?”

“हाये, माय,” बाबा म्हणतात. आणि मग फोन कानाशी आणखी घट्ट धरून, “तू चहा पेली का?”

पलीकडून फुर्रर ऐकू येईपर्यंत ते फोन ठेवत नाहीत.